सर म्हणाले, चालतंय

माझ्या पदवीच्या प्रमाणपत्रावर ‘बी.ए. एलएल.बी.’ छापलंय आणि पुढे मोकळी जागा आहे. तिथे कंसात ‘ऑनर्स’ असायला हवं होतं. ते का नाही, हे गेली काही वर्षं मी भेटेल त्याला सांगतेय. आता मी सुरू झाले की घरचे विषय बदलतात. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते.

मी २०१४ च्या बॅचची. आमच्याकडे सहा ऐच्छिक पेपर वेगळे आणि ऑनर्सचे आठ वेगळे, शिवाय हे आठही एकाच गटातले हवेत. यातलं ‘एकाच गटातले’ हे मला पाठ होतं. तरीही फसले, म्हणून तर जास्त झोंबतं.

निम्म्याहून जास्त वर्ग बिझनेस लॉकडे गेला. कारण काय, तर मुंबईच्या फर्ममध्ये नोकरी लागते म्हणे. मला फौजदारीच करायची होती, म्हणून क्रिमिनल गट घेतला. आम्ही नऊ जण होतो. व्हिक्टिमॉलॉजीच्या तासाला सगळे एकाच बाकाभोवती बसायचो, आणि खरं सांगते, पाच वर्षांत तेवढं चांगलं शिकवणं दुसरीकडे मिळालं नाही. नवव्या सेमिस्टरला ‘प्रोबेशन अँड पॅरोल’ शिकवणाऱ्या तासिका तत्त्वावरच्या मॅडम सोडून गेल्या. कॉलेजने दुसरं कुणी आणलं नाही, पेपरच बंद केला आणि आम्हाला सांगितलं, दुसऱ्या गटातल्या बँकिंग लॉला जाऊन बसा.

मी त्याच दिवशी स्टाफरूममध्ये गेले. आमचे एक सर चहा ढवळत होते. विचारलं, “सर, गट बदलतोय, ऑनर्सला अडचण नाही ना येणार?” ते वर न बघता म्हणाले, “अगं चालतंय. विद्यापीठाशी बोललोय मी.” कायद्याच्या शेवटच्या वर्षाला असलेली मी, पुरावा म्हणजे काय याचा पेपर पास झालेली, ‘थँक्यू सर’ म्हणून बाहेर आले.

निकालानंतर प्रमाणपत्र हातात आलं तेव्हा वाटलं, छपाईची चूक असणार. विद्यापीठात परीक्षा विभागाच्या खिडकीशी गेले. आतल्या बाबूंनी माझ्या मार्कलिस्टा पसरल्या आणि पेनाचं टोपण एकेका पेपरवर टेकवत मोजायला लागले. मोठ्याने. एक, दोन, तीन... सात. मग टोपण बँकिंग लॉवर आलं आणि तिथेच थांबलं. पोटात खड्डा पडणं म्हणजे काय ते मला त्या टोपणाने शिकवलं. मागे रांग होती. ते म्हणाले, “मॅडम, तुम्ही वकील ना? नियम वाचायचा असतो.”

सरांना सहा वेळा फोन केला. सातव्यांदा उचलला. “मी असं म्हणालो होतो? मला काही आठवत नाही बुवा.” आणि वर, “सनदेला काय फरक पडतो ऑनर्सने?” हे खरं होतं, आणि म्हणूनच जास्त चीड आली. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टला ऑनर्सशी देणंघेणं नाही आणि बारच्या परीक्षेलाही कुणी विचारत नाही. पण ज्या ऑफिसात मी अर्ज केला होता, तिथे बायोडेटावर ‘ऑनर्स’ लिहिलेलं होतं. प्रमाणपत्र बघून तिथल्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. खोटारडी ठरले ती मी, सर नव्हे.

मग मी माहितीचा अधिकार वापरला. दहा रुपयांचा स्टँप लावला. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयावर लिहावा लागतो. माझा संताप तेवढ्यात मावेना, तीनदा कापावा लागला. उत्तरासोबत एक परिपत्रक आलं. त्यात लिहिलं होतं, कॉलेज पेपर शिकवत नसलं, तरी विद्यार्थ्याला अर्ज करून स्वतः अभ्यास करून तो देता येतो. हे परिपत्रक कॉलेजकडे आमचं नववं सेमिस्टर सुरू होण्याआधीच पोचलेलं होतं. आमच्या नवांपैकी एकीला ते कुठूनतरी कळलं होतं. तिने गुपचूप अर्ज दिला आणि ऑनर्स घेतलं. आम्हाला चकार शब्द बोलली नाही. तिच्यावरही राग आहे, खोटं कशाला बोलू?

आता लॉ शिकणाऱ्या तुमच्यासाठी. प्रॉस्पेक्टसमधला तक्ता सजावटीचा असतो, त्यावर विसंबू नका. विद्यापीठाचा नियम मिळवा, तोही तुमच्या प्रवेशाच्या वर्षाचा. मधे अभ्यासक्रम बदलला तर सीनियरचा सल्ला तुम्हाला लागू पडेलच असं नाही. ऐच्छिक पेपर आणि ऑनर्सचे पेपर यांची गल्लत करू नका, दोन्हींचा हिशेब वेगळ्या पानांवर ठेवा आणि दर सेमिस्टरला स्वतः मोजा. टोपणाने मोजा हवं तर. एटीकेटी लागली तर ऑनर्सचं काय होतं, हे आधीच विचारा. काही ठिकाणी पहिल्याच प्रयत्नात पास होण्याची अट असते. गट निवडताना तो कोण शिकवतंय आणि ती व्यक्ती कायम नोकरीत आहे का, हे पाहा. अभ्यास करा, वेळेवर फॉर्म भरा वगैरे तुम्हाला सगळेच सांगतील.

आणि विचारायचं ते कागदावर विचारा. अर्जाच्या दोन प्रती करा, एक आवक-जावकला द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. ‘पोच कशाला हवी, घरचंच कॉलेज आहे’ असं कुणी म्हणालं, तर हमखास घ्या.

मागच्या आठवड्यात त्याच कॉलेजातल्या एका मुलीचा फोन आला. ताई, आमचाही एक पेपर बंद होतोय, सर म्हणतात चालतंय. मी म्हटलं, लिहून देतात का विचार, आणि शिक्का मिळाला की मला कळव. अजून तिचा फोन आलेला नाही.