संगणकाची जुळणी

कल्याण येथे सातव्या इयत्तेत शिकणाऱ्या एका मुलाने संगणक घेण्याचे ठरविले. तो तयार न घेता, सुटे भाग आणून घरीच जुळवावयाचा, असा त्याचा बेत होता. संगणक अभ्यासासाठी हवा होता हे खरे. परंतु मोटारींच्या शर्यतींचे खेळ खेळण्याची ओढ त्याहून मोठी होती, आणि ही गोष्ट त्याने आईपासून लपविली नव्हती. दोन वर्षे साठविलेले खाऊचे पैसे, आजीने दिलेली रक्कम आणि वडिलांनी घातलेली भर, एवढेच काय ते भांडवल. त्यात आणखी एका रुपयाचीही वाढ होणार नव्हती.

त्याने मोठ्या हौसेने यादी केली आणि ती मामांना दाखविली. मामा दूरचित्रवाणीचे संच दुरुस्त करीत. यादीच्या आरंभी काचेचे, रंगीबेरंगी दिव्यांचे कॅबिनेट होते. त्याखाली महागडा प्रोसेसर होता. अगदी शेवटी लिहिले होते, ‘एस.एम.पी.एस. : कोणताही, स्वस्तातला.’ मामांनी ‘कोणताही’ या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि काही न बोलता यादी परत दिली.

सुटे भाग आणून संगणक जुळविता येतो, यामागे थोडा इतिहास आहे. 1981 मध्ये आय.बी.एम. या अमेरिकन कंपनीने आपला वैयक्तिक संगणक बाजारात आणला. त्याचे पुष्कळसे भाग इतर कारखान्यांत तयार झालेले होते व त्याची रचनाही कंपनीने उघड केली होती. त्यामुळे इतरांनाही त्यास जुळणारे भाग बनविता येऊ लागले. पुढे 1995 मध्ये इंटेल कंपनीने मदरबोर्डाचे आकारमान, स्क्रूंच्या छिद्रांच्या जागा इत्यादींचे एक प्रमाण घालून दिले. म्हणून आज एका कारखान्याचा मदरबोर्ड दुसऱ्याच्या कॅबिनेटमध्ये बिनचूक बसतो.

परंतु बसणे वेगळे आणि शोभणे वेगळे. खेळाचे चित्र पडद्यावर कसे उमटते, हे पाहिले म्हणजे याचा उलगडा होतो. नेहमीच्या पडद्यावर आडवे 1920 व उभे 1080, म्हणजे एकंदर 20,73,600 ठिपके असतात. चित्र सुरळीत हलावे म्हणून ते एका सेकंदात साठ वेळा नव्याने काढावे लागते. हिशेब केला तर दर सेकंदास बारा कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात! हे काम ग्राफिक्स कार्डाचे. कोणती मोटार कोठे वळली, कोण कोणावर आदळले, हे ठरविणे प्रोसेसरचे काम. एकाच जुवाखाली खिल्लारी बैल आणि दुबळे गोऱ्हे जुंपले, तर गाडी गोऱ्ह्याच्याच चालीने चालते. मुलाच्या यादीत नेमके हेच झाले होते. मामांच्या सांगण्यावरून त्याने प्रोसेसर मध्यम प्रतीचा निवडला, आणि तोही स्वतः चित्र काढू न शकणारा, म्हणून थोडा स्वस्त. वाचलेले पैसे ग्राफिक्स कार्डाकडे वळविले. 16 जीबीच्या एका रॅमपट्टीऐवजी 8 जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. कारण दोन दारे असली की माणसांची ये-जा अधिक जलद होते.

राहिला एस.एम.पी.एस. घरात येणारी वीज 230 व्होल्टची व प्रत्यावर्ती असते. संगणकाच्या नाजूक भागांना मात्र 12, 5 व 3.3 व्होल्टची एकदिश वीज लागते. हे रूपांतर करणारी जी लोखंडी डबी कॅबिनेटमध्ये बसविलेली असते, तीच ही.

रविवारी लॅमिंग्टन रोड बंद असतो, असे समजून मामा-भाचे शनिवारी ग्रँट रोड स्थानकावर उतरले. या रस्त्याचे आजचे नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे आहे. पण गिऱ्हाइकांच्या तोंडी जुनेच नाव बसले आहे. दुकानदाराने दोन डब्या पुढे ठेवल्या. दोहोंवर ‘450’ हा आकडा ठळकपणे छापलेला होता. एकीची किंमत दुसरीच्या निम्म्याहूनही कमी होती.

“मामा, दोन्ही सारख्याच आहेत. मग जास्त पैसे का द्यायचे?” मुलाने विचारले.

“अरे, मोठा आकडा वाचू नकोस. कडेचा बारीक तक्ता वाच. बारा व्होल्टपुढे किती अँपिअर लिहिले आहेत?”

स्वस्त डबीवर 16 होते, दुसरीवर 37. व्होल्टला अँपिअरने गुणले की वॉट मिळतात. पहिलीचे झाले 192, दुसरीचे 444. प्रोसेसर व ग्राफिक्स कार्ड मुख्यतः बारा व्होल्टच्याच विजेवर चालतात. प्रोसेसरला सुमारे 65, कार्डाला 130 आणि बाकीच्यांना 45, असे 240 वॉट लागणार होते. मुलाने बोटांवर बेरीज केली आणि स्वस्त डबी हळूच मागे सारली.

मामांनी आणखी एक गोष्ट दाखविली. डबीत कपॅसिटर नावाची, विद्युतभार साठविणारी लहान नळकांडी असतात. काहींवर 85 अंश, तर काहींवर 105 अंश सेल्सियस असे छापलेले असते. उष्णता दहा अंशांनी कमी झाली, की त्यांचे आयुष्य साधारणतः दुप्पट होते. 2000 नंतरच्या काही वर्षांत सदोष रसायन भरलेले कपॅसिटर फुगून जगभर असंख्य मदरबोर्ड निकामी झाले होते. किंमत म्हणाल तर त्या नळकांड्यांची!

महाग डबीवर ‘80 प्लस’ असे चिन्ह होते. 2004 मध्ये सुरू झालेल्या एका योजनेचे हे चिन्ह आहे. घेतलेल्या विजेपैकी निदान 80 टक्के वीज कामी यावी, असा तिचा दंडक आहे. म्हणजे 240 वॉटसाठी 300 वॉट घेतले जातील व 60 वॉटची उष्णता होईल. मात्र हे चिन्ह केवळ बचतीबद्दल बोलते, सुरक्षिततेबद्दल नव्हे. दाब भलता वाढला, तर चांगली डबी आपोआप बंद होते. वाईट डबी स्वतः जळताना शेजारच्यांनाही सोबत नेऊ शकते. म्हणून मामांनी ती सोय आहे की नाही हे विचारले, आणि हमी किती वर्षांची, हेही कागदावर लिहून घेतले.

हिशेब जमविण्यासाठी रंगीत दिव्यांचे कॅबिनेट रद्द करावे लागले. त्याऐवजी पुढे जाळी असलेले साधे काळे कॅबिनेट आले. मुलगा परतीच्या गाडीत थोडा वेळ गप्पच होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी जुळणी पुरी झाली. बटण दाबताच पंखा फिरू लागला. पण पडदा काळाच राहिला. मुलाचा चेहरा उतरला. त्याने एकेक तार तपासली आणि एकदम हसला. पडद्याची तार त्याने मदरबोर्डाच्या खोबणीत लावली होती, आणि त्याचा प्रोसेसर तर चित्र काढणारा नव्हता! त्याने ती काढून ग्राफिक्स कार्डाला लावली.

“आजी, बघायला ये,” तो ओरडला, “दिसायला लागलं!”