ब्राउझर आणि संगणकाची स्मृती

मार्च २०१३ मध्ये लखनौ येथे उत्तर प्रदेश शासनाने बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांना लॅपटॉप वाटण्यास आरंभ केला. त्या काळच्या यंत्रांत स्मृती आजच्या मानाने थोडी असे. अशा यंत्रावर कोणता ब्राउझर वापरावा, हे कसे ठरवावे?

प्रथम स्मृती कशासाठी खर्च होते ते पाहू. पूर्वीच्या फायरफॉक्समध्ये सर्व पाने एकाच प्रक्रियेत चालत. एक पान बिघडले की सारा ब्राउझर बंद पडे. २००८ साली आलेल्या क्रोमने पानांसाठी निरनिराळ्या प्रक्रिया योजल्या. चाळीत प्रत्येक बिऱ्हाडाला स्वतंत्र खोली द्यावी, तसे हे होय. भिंती जागा खातात. पण एकाची आग दुसऱ्यापर्यंत सहसा पोहोचत नाही. २०१८ मध्ये ‘स्पेक्टर’ हा प्रोसेसरमधील दोष उघडकीस आल्यावर क्रोमने प्रत्येक संकेतस्थळ वेगळ्या प्रक्रियेत ठेवले. त्यापायी स्मृतीचा खर्च सुमारे १० ते १३ टक्क्यांनी वाढला.

तुलना करताना यंत्र, पाने व टॅबांची संख्या एकच ठेवावी. सर्व प्रक्रियांच्या आकड्यांची नुसती बेरीज करू नये. सामाईक स्मृती तीत अनेकदा मोजली जाते. शिवाय, मोकळी स्मृती वापरणे हा दोष नव्हे. ती संपून यंत्राला डिस्कचा आश्रय घ्यावा लागला, म्हणजेच वेग मंदावतो. अशा वेळी प्रथम टॅब कमी करावेत. स्मृती वाचविण्यासाठी ब्राउझरची जुनी आवृत्ती वापरणे म्हणजे भिंत पाडून जागा मिळविणे होय.