आतडं ‘गळतंय’ का हे बघायला साडेसात हजारांचं कर्ज?



या अंकात मी हळदीच्या पॅकिंगबद्दल लिहिणार होते. पण गेल्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत कर्जमागणीचा अर्ज आला आणि विषय बदलला. कारण लिहिलं होतं ‘आरोग्य तपासणी’, रक्कम ७,५०० रुपये. अध्यक्षताईंनी विचारलं, कसली तपासणी? त्या ताईंनी पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. वर मोठ्या अक्षरात ‘लीकी गट’. खाली पोट फुगणं, थकवा, अंगदुखी, केस गळणं, चिडचिड अशी लक्षणं. एकीनं वाचून दाखवलं तर दुसरी म्हणाली, “अगं बाई, आपलाच गट गळतोय की काय!” सगळ्या हसल्या. इंग्रजीत गट म्हणजे आतडं. गळकं आतडं, असा त्याचा अर्थ.

हसून झाल्यावर मात्र मला काळजी वाटली. कारण त्या कागदावरची लक्षणं वाचून बैठकीतल्या निम्म्या बायका म्हणाल्या, “हे तर मलाही होतं.” मी समाजकार्य शिकलेली, डॉक्टर नाही. म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटले, थोडं वाचलं, आणि जे नीट समजलं तेवढंच इथे लिहिते.

आधी आतड्याचं बघू. लहान आतड्याच्या आतल्या बाजूला पेशींचा एकच थर असतो. या पेशी एकमेकींना शिवणीसारख्या घट्ट जोडलेल्या असतात. जेवणातलं साखर, मीठ, पाणी, जीवनसत्त्वं आत जायलाच हवीत, आणि जंतू बाहेरच राहायला हवेत. म्हणजे थोडं आत सोडणं हेच आतड्याचं काम आहे. शिवण कधी सैल पडते, कधी घट्ट होते. हा थर तीन ते पाच दिवसांत नवा होत राहतो.

ही शिवण जास्त सैल पडू शकते, हेही खरं आहे. गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा सिलिअ‍ॅक आजार, आतड्याला सूज येणारा क्रोन्स आजार, जोराची हगवण, जास्त दारू यांत तसं होतं. आणि डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या वेदनाशामक गोळ्यांनीही होतं. पण हा त्या त्या आजाराचा परिणाम असतो. ‘लीकी गट सिंड्रोम’ नावाचा स्वतंत्र आजार, ज्यातून थकव्यापासून केस गळण्यापर्यंत सगळं होतं, असा वैद्यकशास्त्रानं मान्य केलेला नाही. आपलं पोट दुखतं ते खोटं, असा याचा अर्थ मुळीच नाही. दुखणं खरंच आहे, कारण शोधायला हवं.

आता तपासण्या. त्या कागदावर तीन नावं होती.

पहिली लघवीची. उपाशीपोटी दोन प्रकारच्या साखरेचं पाणी प्यायचं, एक लॅक्टुलोज आणि एक मॅनिटॉल, आणि पुढचे पाच-सहा तास सगळी लघवी डब्यात जमा करायची. मॅनिटॉलचा कण लहान, तो सहज आत शिरतो. लॅक्टुलोजचा मोठा, तो शक्यतो शिरत नाही. लघवीत मोठी साखर जास्त आली तर शिवण सैल आहे असं धरतात. ही तपासणी खरी आहे. लहान मुलांच्या कुपोषणावर अनेक देशांत जो मोठा अभ्यास झाला, त्यात आपल्या देशातलं वेल्लोर होतं, तिथे ती वापरली गेली. पण ती संशोधनात, पुष्कळ मुलांची तुलना करायला. एकट्या बाईचा आकडा आला तर तो किती वाढला की आजार म्हणायचा, यावर सगळ्यांचं एकमत नाही. आदल्या दिवशी वेदनाशामक गोळी घेतली असेल किंवा जुलाब झाले असतील तरी आकडा बदलतो. आणि वाढला तरी तो का वाढला, हे ती सांगत नाही.

दुसरी ‘झोन्युलिन’ची, रक्ताची किंवा शौचाची. पेशींमधली शिवण सैल करणारं हे प्रथिन २००० साली डॉ. अलेसिओ फसानो यांच्या चमूनं मांडलं. पण बाजारात जे तयार किट मिळतात ते झोन्युलिन सोडून दुसरीच प्रथिनं मोजतात, असं पुढच्या अभ्यासांत दिसलं. तागडीत कांदे घातले आणि वजन बटाट्याचं सांगितलं, असा प्रकार.

तिसरी मला सगळ्यात धोक्याची वाटते. बोटातून रक्त घेतात आणि शंभरेक पदार्थांची यादी देतात, लाल, पिवळ्या, हिरव्या रंगात. लाल पदार्थ सोसत नाहीत म्हणे. यात आयजीजी नावाचा घटक मोजतात. पण आपण जे खातो त्याची शरीराला ओळख झाली की आयजीजी तयार होतोच. रोज तूरडाळ खाणाऱ्या बाईच्या यादीत तूरडाळ लाल येऊ शकते. युरोप-अमेरिकेतल्या अ‍ॅलर्जी तज्ज्ञांच्या संघटनांनी ही तपासणी करू नका असं सांगितलं आहे. आता विचार करा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त महिलांना रक्तक्षय निघाला. त्यातल्याच एका ताईला कागद सांगतो की डाळ, अंडं, दूध, शेंगदाणे बंद करा. घरात आधीच शेवटी जेवणारी बाई ती, तिच्या ताटात मग राहिलं काय?

पैशाचाही हिशेब करू. महिना २ टक्क्यांनी ७,५०० चं अंतर्गत कर्ज, दहा हप्ते. शिल्लक रकमेवर व्याज धरलं तर ८२५ रुपये व्याज, म्हणजे ८,३२५ फेडायचे. त्या कागदाच्या मागच्या पानावर तीन महिन्यांच्या पावडरी होत्या, त्यांची किंमत वेगळी. विकणाऱ्याला एकच प्रश्न विचारा: तपासणीत दोष निघाला तर उपचार काय, आणि नाही निघाला तर काय? दोन्ही वेळी उत्तर ‘पावडर’ आलं, तर तपासणी कशाला?

मग करायचं काय? आधी डॉक्टरांना नीट सांगायचं. आपण शौचाबद्दल बोलायला लाजतो, ‘पोट बरं नाही’ एवढंच सांगून गोळी घेऊन येतो. दिवसातून किती वेळा होतं, पातळ की खडा, रक्त की चिकट, कशानं वाढतं, दुकानातून कोणत्या गोळ्या आणून घेतो, हे आठ-पंधरा दिवस वहीत लिहून न्या. गटाचं इतिवृत्त लिहिता ना, तसंच.

साध्या तपासण्यांतून पुष्कळ कळतं. हिमोग्लोबिन, साखर, लागलं तर थायरॉइड, आणि जंतासाठी शौचाची तपासणी. शौचाचा नमुना काडेपेटीत नेऊ नका, अजूनही कुणी कुणी नेतात. केंद्रातून झाकणाची डबी घ्या, सुपारीएवढा नमुना पुरे, त्यात लघवी किंवा पाणी मिसळू देऊ नका, आणि तासा-दोन तासांत पोचवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. मेडिकल कॉलेजची रुग्णालयं वेगळ्या खात्याकडे येतात, तिथे आधी विचारा.

चपाती खाल्ली की त्रास होतो असं वाटत असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवा. सिलिअ‍ॅकसाठी टीटीजी नावाची रक्ताची खरी तपासणी आहे, पण ती गहू खाणं चालू असतानाच करायची. चार महिने नुसती भाकरी खाऊन मग गेलात तर आजार असूनही रिपोर्ट चांगला येऊ शकतो. म्हणून आधी तपासणी, मग पथ्य.

आणि काही गोष्टींत थांबायचंच नाही. शौचातून रक्त, डांबरासारखं काळं शौच, कारण नसताना वजन उतरणं, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, सतत ताप किंवा उलट्या, गिळताना त्रास. यासाठी बैठकीची वाट बघू नका. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळं होतं, तेव्हा त्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा.

अर्ज दिलेल्या त्या ताईंना मी आणि आशाताई आरोग्य केंद्रात घेऊन गेलो. हिमोग्लोबिन ८.२ निघालं, बाईला १२ तरी हवं. डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या कोणत्या घेता? तेव्हा निघालं की सोयाबीन काढणीपासून कंबरदुखीसाठी रोज दोन वेदनाशामक गोळ्या, त्याही बहुतेक वेळा चहावर. अशा गोळ्यांनी जठराला जखम होऊन आतल्या आत रक्त जाऊ शकतं. तेच झालंय असं डॉक्टर लगेच म्हणाले नाहीत. त्या गोळ्या थांबवल्या, कंबरेसाठी दुसरं औषध दिलं, लोह सुरू केलं आणि महिन्यानं परत बोलावलं. रक्त वाढलं नाही तर दुर्बिणीतून तपासायला जिल्हा रुग्णालयात जावं लागेल, असं सांगितलं. तुमच्याकडे बीपीची, हृदयाची किंवा डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी चालू असेल तर मात्र हे वाचून आपल्या मनानं बंद करू नका.

कर्जाचा अर्ज गटानं नामंजूर केला नाही, पुढे ठेवला. जिल्ह्याला जायची वेळ आली तर गाडीभाड्यापुरती रक्कम द्यायची असं ठरलं आहे. त्यांची तारीख बैठकीच्याच दिवशी येते, म्हणून या महिन्याची बैठक संध्याकाळी पाचला ठेवली आहे.