मॉडेल इंजिनाची ठिणगी : सहा व्होल्ट असूनही इंजिन बंद का पडतं?



एखादा विद्यार्थी लेथवर कित्येक महिने खपून छोटं पेट्रोल इंजिन बनवतो. फ्लायव्हील फिरवलं की इंजिन सुरू होतं, दोन मिनिटं छान चालतं आणि मग अडखळत बंद पडतं. थोड्या वेळाने पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मग कार्बोरेटर खोलला जातो, व्हॉल्व्ह पुन्हा घासले जातात आणि चांगलं झालेलं कामही बिघडतं. दोष मात्र बऱ्याचदा चार पेन्सिल सेलमध्ये असतो. पण मल्टिमीटर तर सहा व्होल्ट दाखवतोय! मग चूक कुठे? आज हेच समजून घेऊ.

ठिणगी कशी तयार होते?

इग्निशन कॉइलमध्ये तारेची दोन वेटोळी असतात. पहिलं जाड तारेचं, कमी वेढ्यांचं. दुसरं बारीक तारेचं, हजारो वेढ्यांचं. पॉइंट मिटलेला असतो तेव्हा बॅटरीचा करंट पहिल्या वेटोळ्यातून वाहतो आणि कॉइलमध्ये चुंबकीय क्षेत्र तयार होतं. पॉइंट उघडला की करंट एकदम तुटतो, क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या वेटोळ्यात हजारो व्होल्ट निर्माण होतात. हे विद्युतचुंबकीय प्रवर्तन तुम्ही विज्ञानात शिकला आहात. पॉइंटला जोडलेला कंडेन्सर तिथली ठिणगी दाबतो आणि करंट झटकन तुटायला मदत करतो.

लक्षात ठेवा, कॉइलमध्ये साठणारी ऊर्जा करंटच्या वर्गाच्या प्रमाणात असते. करंट निम्मा झाला तर ऊर्जा निम्मी नाही, पाव होते.

आता गणित करून बघू

समजा, कॉइलचा रोध ३ ओहम आहे आणि बॅटरी ६ व्होल्टची आहे. ओहमच्या नियमाने करंट २ अँपिअर. पण सेललाही स्वतःचा अंतर्गत रोध असतो. प्रत्येक पेन्सिल सेलचा ०.३ ओहम धरला, तर चार सेलचा मिळून १.२ ओहम. एकूण रोध ४.२ ओहम, म्हणून करंट साधारण १.४ अँपिअर. ऊर्जा किती उरली? जवळजवळ निम्मी!

सेल वापरले जातात तसा हा रोध वाढत जातो. तो ३ ओहमवर गेला की करंट १ अँपिअर आणि ऊर्जा फक्त पाव. ठिणगी मरते, इंजिन थांबतं. विश्रांती मिळाली की सेल थोडे सावरतात, म्हणून इंजिन पुन्हा सुरू होतं आणि आपल्याला वाटतं, दोष दुसरीकडेच आहे.

मल्टिमीटर खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीच्या वेळी विचारतो. करंट वाहत नसताना सेल पूर्ण व्होल्टेज दाखवणारच. म्हणून इंजिन बंद ठेवून पॉइंट मिटलेल्या स्थितीत आणा, स्विच चालू करा आणि कॉइलच्या टोकांवर दोन-तीन सेकंदच मोजा. वरच्या उदाहरणात तिथे ६ नव्हे, सुमारे ४.३ व्होल्ट दिसतील.

उपाय काय?

इमर्जन्सी लाइटमध्ये असते तशी ६ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी वापरा. तिचा अंतर्गत रोध अगदी कमी असतो. वायर जाड आणि आखूड ठेवा, फ्यूज लावा. काही जण थेट १२ व्होल्ट जोडतात. तसं करू नका. ३ ओहमच्या कॉइलमधून ४ अँपिअर वाहतील, कॉइल तापेल आणि पॉइंट जळतील. आणखी एक सवय लावून घ्या: इंजिन थांबलं की स्विच बंद. पॉइंट मिटलेला राहिला तर १२ वॅट उष्णता निर्माण होत राहते आणि बॅटरीही उतरते.

हा प्रश्न जुनाच आहे

१९०३ मध्ये राइट बंधूंच्या विमानाचं इंजिन त्यांच्या सायकल दुकानातल्या चार्ली टेलर या मेकॅनिकने बनवलं. तेही घरगुती इंजिनच म्हणा ना! सुरू करायला ड्राय सेल आणि कॉइल वापरत, पण ती जमिनीवरच राहत. उड्डाणात फ्लायव्हीलवर चालणारा मॅग्नेटो वीज देई. म्हणजे इंजिन फिरतंय तोवर ठिणगीची सोय इंजिनच करी.

१९३० च्या दशकात अमेरिकेतली पेट्रोलवर उडणारी मॉडेल विमानं मात्र कॉइल, कंडेन्सर आणि लहान सेल सोबत घेऊन उडत. वजनामुळे मोठे सेल परवडत नसत, म्हणून सुरू करताना बाहेरून जास्तीची बॅटरी जोडून नंतर काढून घेत. १९४७ च्या सुमारास रे आर्डेन यांचा ग्लो प्लग बाजारात आला आणि हे ओझं गेलं. त्यातली प्लॅटिनमयुक्त तार सुरुवातीला दीड व्होल्टच्या सेलने तापवतात. नंतर ज्वलनाची उष्णता आणि मिथेनॉलवरची प्लॅटिनमची उत्प्रेरक क्रिया तिला तापलेली ठेवते. पण पेट्रोलवर चालणाऱ्या तुमच्या इंजिनाला ठिणगीच लागते.

सावधान!

ठिणगी तपासताना प्लगचं धातूचं अंग इंजिनाला टेकलेलं ठेवा. प्लगची वायर हातात धरू नका, जोरदार झटका बसतो. जवळ उघडं पेट्रोल नको आणि काम मोठ्यांच्या देखरेखीखालीच करा.

तर मित्रांनो, इंजिन खोलण्याआधी बॅटरी तपासा, आणि तीही कामाला लावून. पाच मिनिटांची ही तपासणी महिन्यांची मेहनत वाचवू शकते.

स्वाध्याय

१. प्रत्येक सेलचा अंतर्गत रोध ०.५ ओहम असेल, तर चार सेल आणि ३ ओहमच्या कॉइलमधून किती करंट वाहील? ऊर्जा किती टक्के उरेल? (उत्तर: १.२ अँपिअर, ३६ टक्के)
२. पॉइंट मिटताना नव्हे, तर उघडताना ठिणगी का पडते? तुमच्या शब्दांत लिहा.