शंकराचार्यांचा जन्मशक : दोन महाराष्ट्रीय पोथ्यांची साक्ष

वैशाख शुद्ध पंचमीस आद्य शंकराचार्यांची जयंती साजरी होते. तिथीविषयी उत्सवात फारसा वाद नाही. वाद आहे तो वर्षाचा. द्वारका व कांची येथील परंपरा आचार्यांचा जन्म इ. स. पू. 509 मध्ये मानतात. परंतु आचार्यांचे साक्षात् शिष्य सुरेश्वर बृहदारण्यक-वार्तिकात बौद्ध नैयायिक धर्मकीर्तीचा नामनिर्देश करतात आणि धर्मकीर्ती इसवीच्या सातव्या शतकातला. एवढा एक आधारही त्या कालगणनेस पुरून उरतो.

पाठ्यपुस्तकांत रूढ झालेला इ. स. 788 हा आकडा बेळगावच्या एका पोथीतून आला, हे सहसा लक्षात घेतले जात नाही. काशिनाथ बापूजी पाठक यांनी 1882 मध्ये ‘इंडियन अँटिक्वरी’त ती प्रकाशात आणली. तीत निधी, नाग, इभ, वह्नी अशा शब्दांकांनी कलिवर्ष 3889 जन्मासाठी व त्याच रीतीने 3921 हे गुहाप्रवेशासाठी दिले आहे. म्हणजे आयुर्मर्यादा परंपरेला संमत अशी 32 वर्षांची. जन्मवर्षाला ‘विभव’ संवत्सराची जोडही आहे. शके 710 ला दाक्षिणात्य गणनेने हेच नाव येते खरे. पण एवढी जुळणी मागाहून गणित करणाऱ्यालाही सहज साधते.

दुसरी साक्ष अधिक मोलाची वाटते. महानुभाव पंथाच्या ‘दर्शनप्रकाश’ या ग्रंथात आचार्यांच्या गुहाप्रवेशाचा शक 642 दिला आहे. लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’त (1915) तो ग्राह्य धरून जन्मशक 610, म्हणजे इ. स. 688, ठरविला. गीतेच्या आचार्यकृत संन्यासपर अर्थाचे खंडन करणाऱ्या ग्रंथात त्याच आचार्यांच्या काळाची इतकी आस्थेने चिकित्सा व्हावी, हे मराठी विद्वत्तेस शोभणारेच होय.

महानुभाव द्वैतवादी, आचार्यांचे मत त्यांना मान्य नाही. मठाम्नायाची प्राचीनता वाढविण्यात त्यांना काडीचाही स्वारस्यलाभ नव्हता. म्हणूनच परपक्षाने जपलेला हा आकडा मठांच्या गुरुपरंपरांहून कमी शंकास्पद ठरतो. तो उत्तरकालीन ग्रंथातला आहे, हे मात्र विसरता येत नाही. पुढे हाजिमे नाकामुरा यांनी बौद्ध व वेदान्ती ग्रंथांतील परस्परनिर्देशांवरून आचार्यांचा काळ इ. स. 700 ते 750 च्या सुमाराचा मानला. टिळकांचा गुहाप्रवेश-शक, म्हणजे इ. स. 720, या मर्यादेत येतो. बेळगावच्या पोथीतील जन्मवर्ष तिच्या पलीकडे जाते.