अन्ननलिकेत काम करणारी औषधे व त्यांची प्रयोगशाळेतील परीक्षा

तोंडावाटे घेतलेले औषध जठरात उतरते, तेथून आतड्यात जाते व तेथे रक्तात शोषले जाऊन शरीरभर पोहोचते, असा आपला सर्वसाधारण समज असतो व बहुतेक औषधांच्या बाबतीत तो खराही आहे. घसा व जठर यांना जोडणारी सुमारे 25 सेंटिमीटर लांबीची अन्ननलिका ही या प्रवासातील केवळ वाट होय. उभ्या माणसाने प्यालेले पाणी ती एक-दोन सेकंदांत ओलांडते. घासाला आठ-दहा सेकंद लागतात. काही औषधांना मात्र या वाटेवरच काम करावयाचे असते. जठरातील आम्ल वर येऊन होणारी जळजळ, बुरशीचा संसर्ग, ॲलर्जीमुळे नलिकेच्या अस्तरास येणारी सूज या विकारांवरील पातळ औषधे व तोंडात विरघळणाऱ्या गोळ्या अस्तराला लागून राहिल्या तरच उपयोगी पडतात. अशा औषधाची परीक्षा नेहमीच्या कसोट्यांनी पुरी होत नाही.

निपाणी तालुक्यातील कोगनोळी हे पुणे–बेंगळुरू महामार्गावरील सीमेलगतचे गाव. येथील रुग्ण आज निपाणीच्या दुकानातून औषध घेतो, तर उद्या कागल किंवा कोल्हापूरहून आणतो. राज्य बदलले तरी औषधाची कसोटी बदलत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, 1940 हा केंद्राचा कायदा दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे, आणि भारतीय औषधिकोश, म्हणजे इंडियन फार्माकोपिया, हा ग्रंथही एकच आहे. त्याची पहिली आवृत्ती 1955 साली निघाली. कोणत्या औषधात कोणता घटक किती असावा व तो कसा मोजावा, हे या ग्रंथात ठरवून दिलेले असते.

साध्या गोळीची परीक्षा पाहू. सहा गोळ्या जाळीच्या तळाच्या सहा नळ्यांत ठेवून त्या 37 अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात मिनिटाला सुमारे तीस वेळा खालीवर केल्या जातात. वेष्टन नसलेली गोळी साधारणतः 15 मिनिटांत फुटली पाहिजे. विद्राव्यतेच्या परीक्षेत बहुधा 900 मिलिलिटर द्रवात वल्ह्यासारखे पाते फिरवीत ठेवतात व ठरावीक वेळाने नमुना काढून किती औषध विरघळले ते मोजतात. हे पात्र म्हणजे जठर-आतड्याची नक्कल आहे. अन्ननलिकेत 900 मिलिलिटर द्रव कधीच नसतो. तेथे असते ओलसर अस्तर आणि गिळलेल्या लाळेची बारीक धार. पेलाभर पाण्यात औषध किती लवकर विरघळते हे कळले, तरी ते भिंतीवर किती वेळ टिकते हे त्यातून कळत नाही.

म्हणून संशोधकांनी निराळी मांडणी केली. कत्तलखान्यातून आणलेली डुकराची अन्ननलिका उभी चिरून तिचे अस्तर वर येईल अशा रीतीने उतरत्या पृष्ठावर बसवितात. भोवतालचे तापमान 37 अंश व हवा दमट ठेवतात. औषधाची मात्रा वरच्या टोकाशी सोडून त्यावर कृत्रिम लाळेची संथ धार धरतात. खाली गळणारा द्रव ठरावीक अंतराने वेगवेगळ्या नळ्यांत जमा करून त्यात किती औषध धुऊन आले ते मोजतात. जे धुऊन आले नाही, ते अस्तराला चिकटून राहिले. पद्धत साधी आहे, पण प्रश्न नेमका विचारते. तिच्या मर्यादाही ध्यानात घेतल्या पाहिजेत. मृत ऊतीत गिळण्याची लाट नसते, आणि एका प्राण्याची नलिका दुसऱ्यासारखी नसते. औषधिकोशात या परीक्षेची सर्वमान्य रीत अद्याप ठरलेली नाही. त्यामुळे तिचे निष्कर्ष एका औषधाची दुसऱ्याशी तुलना करण्यापुरतेच घ्यावेत, हे बरे.

छातीतील जळजळीवरील अल्जिनेटयुक्त औषधाची कसोटी मात्र ठरलेली आहे. अल्जिनेट हा समुद्रातील तपकिरी शेवाळापासून काढलेला पदार्थ. तो आम्लात पडला की त्याचा चिकट लगदा होतो, आणि सोबतच्या सोड्यापासून निघणारा वायू त्यात अडकून तो दुधावरच्या सायीसारखा जठरातील द्रवावर तरंगतो. त्यामुळे आम्लाला अन्ननलिकेत चढण्यास अडथळा होतो. ब्रिटिश औषधिकोशाच्या पद्धतीत 150 मिलिलिटर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात हे औषध ओतून, मध्ये तारेचा आकडा उभा धरून, अर्धा तास साय धरू देतात. मग तो आकडा वर ओढताना लागणारा जोर ग्रॅममध्ये मोजतात. साय फारच दुबळी असेल, तर औषध घटकांच्या हिशेबात बरोबर असूनही कामास निरुपयोगी ठरते.

याची दुसरी बाजू गावातील लोकांच्या अधिक उपयोगाची आहे. ज्या औषधाने अन्ननलिकेत थांबू नये, तेच कधी कधी तेथे अडकते. जिलेटिनची कॅप्सूल ओली झाली की चिकट होते. डॉक्सिसायक्लिनची कॅप्सूल, लोहाची गोळी, ॲस्पिरिन किंवा हाडांच्या ठिसूळपणावरील ॲलेंड्रोनेट घोटभर पाण्याने घेऊन लगेच अंथरुणावर पडल्यास औषध एकाच जागी विरघळते व अस्तरास जखम करते. झोपेत लाळ जवळजवळ थांबते, म्हणून धुऊन जाण्यासही वाव नसतो. अशा गोळ्या पेलाभर पाण्याने, बसून किंवा उभे राहून घ्याव्यात व निदान अर्धा तास आडवे होऊ नये. अन्ननलिकेतच काम करणाऱ्या औषधाची रीत याच्या नेमकी उलट आहे: त्यावर पाणी पिऊ नये, आणि वैद्याने सांगितलेला वेळ जाईपर्यंत काही खाऊ नये. दोन्ही सूचना खऱ्या आहेत. कोणती कोणत्या औषधाला लागू, हे दुकानदाराकडून किंवा आरोग्य सेविकेकडून विचारून घ्यावे. वाचता न येणाऱ्या वृद्धांना घरातील शाळकरी मुलांनी ही सूचना वाचून दाखविली, तर ते काम शिक्षकांनी दिलेल्या कोणत्याही गृहपाठाच्या तोडीचे ठरेल.

निपाणीचा परिसर तंबाखूचा आहे. विडी, जर्दा, मिश्री यांचे सेवन येथे घरोघरी परिचित आहे, आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाशी तंबाखूचा संबंध निर्विवाद आहे. प्रथम भाकरी अडकते, पुढे मऊ भात अडकतो, अखेर पाणीही उतरत नाही, अशा क्रमाने गिळणे कठीण होत असेल, किंवा वजन उतरत असेल, तर जळजळीचे औषध बाटलीमागून बाटली घेणे घातक होय. अशा रुग्णाची दुर्बिणीतून तपासणी विनाविलंब झाली पाहिजे. औषध प्रयोगशाळेत कितीही चांगले उतरलेले असले, तरी ते चुकीच्या रोगावर उपाय ठरत नाही.

विकत घेतलेल्या औषधाविषयी शंका आल्यास काय करावे? औषध निरीक्षक दुकानातून नमुना घेतो, तेव्हा त्याचे चार भाग करून मोहोरबंद केले जातात व एक भाग शासकीय विश्लेषकाकडे जातो. कर्नाटकात बेंगळुरू, हुबळी व बळ्ळारी येथे, तर महाराष्ट्रात मुंबई, नागपूर व छत्रपती संभाजीनगर येथे शासकीय औषध प्रयोगशाळा आहेत. कायद्याच्या कलम 26 अन्वये सामान्य ग्राहकही विहित शुल्क भरून आपण विकत घेतलेले औषध शासकीय विश्लेषकाकडे परीक्षेसाठी देऊ शकतो, आणि विश्लेषकाच्या सहीचा अहवाल मिळण्याचा त्याला हक्क आहे. त्यासाठी खरेदीची पावती जपून ठेवावी, वेष्टनावरील बॅच क्रमांक व मुदतीची तारीख फाडून टाकू नये, आणि बाटली शक्यतो न उघडलेली असावी.