मनाच्या मदतीचा पहिला दरवाजा : टेलि-मानस



विहारात एखादा माणूस पहिल्यांदाच येतो, तेव्हा कुठे बसायचं, काय करायचं, हे त्याला ठाऊक नसतं. कुणी "या, बसा" म्हटलं तर तो पुन्हा येतो. कुणी विचारलंच नाही तर दारातूनच परततो. आरोग्याच्या ॲपचंही तसंच आहे. मनाने खचलेला माणूस मोबाईलवर मदत शोधतो, समोर न कळणारी भाषा येते आणि तो फोन ठेवून देतो. मदत असूनही त्याच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून या वेळी आपण टेलि-मानस ही सरकारी सेवा आणि तिच्या ॲपमध्ये झालेले बदल समजून घेऊ.

सेवा काय आहे?

१० ऑक्टोबर २०२२ रोजी, जागतिक मानसिक आरोग्य दिनी, केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने टेलि-मानस सुरू केली. नंबर आहे १४४१६. फोनला पैसे लागत नाहीत आणि सेवा चोवीस तास चालू असते. भाषा निवडली की प्रशिक्षित समुपदेशक बोलतात. गरज पडली तर ते मानसोपचार तज्ज्ञांशी जोडून देतात किंवा सरकारी दवाखान्यात पाठवतात. बंगळुरूची निम्हान्स ही संस्था या कामाची मुख्य मार्गदर्शक आहे. दोन वर्षांनी, १० ऑक्टोबर २०२४ ला, याच सेवेचं ॲप आलं.

ॲपमध्ये काय बदललं?

सुरुवातीला ॲप इंग्रजी आणि हिंदीत होतं. १० ऑक्टोबर २०२५ ला त्यात सुधारणा जाहीर झाल्या. त्यातल्या चार गोष्टी नव्या माणसाच्या चार अडचणींवर आहेत.

१. भाषा : आणखी दहा भारतीय भाषा आल्या, त्यात मराठी आहे. दुःख माणूस आपल्या भाषेतच नीट सांगू शकतो.

२. दृष्टी : ज्यांना दिसत नाही किंवा कमी दिसतं, त्यांनाही वापरता यावं अशा सोयी केल्या.

३. संकोच : अनोळखी माणसाशी एकदम बोलायला जीभ रेटत नाही. त्यासाठी 'अस्मी' नावाचा चॅटबॉट आहे. पण ते यंत्र आहे, डॉक्टर नव्हे. सुरुवात तिथून करा, पण तिथेच थांबू नका.

४. तातडी : जिवावर बेतलेल्या वेळी लगेच मदत मिळावी म्हणून वेगळी सोय ठेवली.

यातून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. "मला मोबाईलमधलं कळत नाही" असं म्हणून आपली आई-मावशी मान खाली घालते. पण वस्तू समजत नसेल तर वस्तू बदलायला हवी. दोष तिचा नाही.

घरातला अडथळा कोण काढणार?

ॲप सुधारलं, तरी वस्तीतल्या घरात आणखी काही दारं बंद असतात. ती आपल्यालाच उघडावी लागतील.

घरात स्मार्टफोन एकच असतो, तोही बहुधा मुलाच्या किंवा नवऱ्याच्या हातात. सुनेला मनातलं बोलायचं असेल तर ती बोलणार कधी? अशा घरात ॲपचा हट्ट नको. साध्या बटणाच्या फोनवरूनही १४४१६ लागतो. तिला अर्धा तास फोन आणि एकांत द्या, आणि काय बोललीस म्हणून विचारू नका.

मंठा, परतूर, घनसावंगीकडची अनेक कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. कोपीवर दवाखाना जवळ नसतो. जाण्याआधी हा नंबर घरातल्या प्रत्येकाला पाठ करून द्या.

"वेड लागलंय का?" हा प्रश्न तर घरातून हद्दपारच करा. दोन आठवड्यांहून जास्त झोप उडालेली, जेवण सुटलेलं, कशातच मन लागत नाही, ही आजाराची लक्षणं असू शकतात. त्यासाठी भगताकडे नेणं किंवा मागच्या जन्माचं पाप काढणं हे आपल्या धम्मात बसत नाही. मागच्या जन्मीच्या कर्मामुळे या जन्मी दुःख येतं, हा विचार बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात नाकारला आहे. दुःखाला कारण असतं आणि त्यावर उपायही असतो.

पोलिसांच्या भीतीनेही कुटुंबं गप्प राहतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ नुसार, जीव देण्याचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच, उलट सिद्ध होईपर्यंत, धरलं जातं. त्याला शिक्षा नव्हे, उपचार आणि आधार मिळायला हवा.

पहिल्यांदा वापरताना

- ॲप घेताना ते आरोग्य मंत्रालयाचंच आहे ना, हे पाहा.
- आधी भाषा मराठी करा, मग पुढे जा.
- बँकेची माहिती, पिन कुणालाही देऊ नका. मदतीसाठी कुणी पैसे मागितले तर फोन बंद करा.
- फोनवर काय बोलावं सुचत नसेल तर "मला बरं वाटत नाही, झोप येत नाही" एवढंच म्हणा. पुढचं ते विचारतील.
- डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या ॲप पाहून किंवा कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका.
- कुणी जीव देण्याची भाषा करत असेल तर त्याला एकटं सोडू नका. थट्टा समजू नका. लगेच १४४१६ ला, जिवाला धोका असेल तर ११२ किंवा रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करा. जालन्यात जिल्हा रुग्णालय गाठा.

विहारात चर्चेसाठी

१. आपल्या वस्तीत किती घरांत बाईच्या हातात स्वतःचा फोन आहे?
२. विहाराच्या फळ्यावर १४४१६ लिहिलेला आहे का?
३. एखाद्या उपासक-उपासिकेला फोन लावून द्यायला, शेजारी बसायला कोण तयार आहे?

येत्या पौर्णिमेला वंदनेनंतर दहा मिनिटं काढा. ज्यांना येतं त्यांनी शेजारच्याला ॲप मराठीत करून द्यावं, नंबर फोनमध्ये भरून द्यावा. दुसऱ्याच्या दुःखात असं सोबत बसणं ही करुणाच आहे.

जयभीम, नमो बुद्धाय.